मुंबईतील खाणावळ आणि अल्प मिळकतीचा आहार

मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ साली शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची विस्तृत पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. कचेरीचे प्रमुख फिंडले शिरास यांनी सिद्ध केलेल्या या अहवालात एक निष्कर्ष असा होता की, मुंबईचा औद्योगिक कामगार दुष्काळ संहितेने ठरवून दिलेल्या कमाल मापाइतके धान्य खातो, परंतु तुरुंग नियमावलीत कैद्यासाठी सांगितलेल्या मापाहून त्याचे खाणे कमी भरते. कामगार चळवळीच्या लिखाणात या निष्कर्षाचा पुढे वारंवार उपयोग झाला, आणि तो योग्यच होता. मात्र या तुलनेत एक गोष्ट सहसा कोणी पाहिली नाही. कैद्याचे धान्य त्याच्यापुढे शिजून येते. कामगाराचे धान्य वाण्याच्या दुकानातून येते आणि ते शिजविण्यासाठी जागा, जळण, पाणी, वेळ आणि दोन हात लागतात. अहवालाने धान्य मोजले. शिजविणे मोजण्याची सोय त्याच्या रकान्यांत नव्हती.

मोठ्या शहरात थोडक्या पैशांत नीट जेवावे कसे, या प्रश्नाची चर्चा आजवर मुख्यतः दोन अंगांनी झाली आहे. अर्थशास्त्रज्ञांनी मिळकतीचा कितवा हिस्सा अन्नावर जातो हे पाहिले. मिळकत जसजशी कमी तसतसा अन्नखर्चाचा हिस्सा अधिक, हा नियम एर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली मांडला होता आणि मुंबईच्या पाहणीत अन्नावरील खर्च निम्म्याहून अधिक आढळल्याने त्यास पुष्टीच मिळाली. आहारशास्त्रज्ञांनी स्वस्तात स्वस्त पदार्थांतून अधिकांत अधिक पोषण कसे साधेल याची कोष्टके तयार केली. कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेचे संचालक डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांची १९३७ सालची पत्रिका या कामाचा पाया समजली जाते. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादेस गेली आणि तिचे कोष्टक वेळोवेळी सुधारले गेले. दोन्ही अंगे आवश्यक आहेत. तथापि मुंबईचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, गरीब माणूस नीट जेवतो की नाही हे धान्याच्या भावाने किंवा आहारविषयक ज्ञानाने जितके ठरते, त्याहून अधिक ते शिजविणारे कोण आणि त्या शिजविण्याचे पैसे मिळेपर्यंत थांबणारे कोण, यावरून ठरते.

प्रथम कोष्टकाकडेच पाहू. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० उष्मांक आणि १० ग्रॅम प्रथिने असतात. हरभऱ्याच्या डाळीत प्रथिने दुप्पट, म्हणजे २१ ग्रॅमच्या आसपास. शेंगदाण्यात २५ ग्रॅम. समजा, एका प्रौढ पुरुषाला दिवसाला ३०० ग्रॅम ज्वारीचे पीठ, २०० ग्रॅम तांदूळ, ६० ग्रॅम बेसन, ५० ग्रॅम तूरडाळ, ३० ग्रॅम शेंगदाणे आणि तितकेच तेल मिळाले. याची बेरीज २,५५० उष्मांकांच्या पुढे जाते आणि प्रथिने ७५ ग्रॅमच्या आसपास भरतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषास २,७१० उष्मांक आणि ५४ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. म्हणजे झुणका, भाकरी, आमटी, भात आणि दाण्याची चटणी एवढ्याच सामग्रीने उष्मांकांची गरज जवळजवळ भागते, आणि प्रथिने गरजेहून अधिक मिळतात. ही प्रथिने प्रतीनेही हलकी नसतात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते ते डाळीत असते, डाळीत मेथिओनिन कमी असते ते धान्य पुरविते. कोणतेही कोष्टक छापले जाण्याच्या कितीतरी आधीपासून भाकरीबरोबर पिठले आणि भाताबरोबर आमटी वाढली जात होती. उणे राहते ते कॅल्शियम आणि अ व क जीवनसत्त्वांचे. ते अंबाडी, माठ, शेवग्याचा पाला यांसारख्या भाज्यांनी, पेरू-आवळ्याने, आणि किनाऱ्यावरील माणसाच्या बाबतीत सुक्या मासळीने भरून निघते. वाळलेल्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. सुकट, जवळा, बोंबील हे कोकणी कामगाराच्या ट्रंकेत गावाहून येत, आणि आहाराच्या हिशेबात त्यांचे मोल मटणाहून कमी नव्हते.

तेव्हा कोरड्या शिध्यापुरते बोलावयाचे तर नीट जेवण महाग नाही. अडचण शिधा घरी आल्यानंतर सुरू होते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ‘घरी’ या शब्दापासूनच सुरू होते. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली तेव्हापासून मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा माणूस बहुतांशी एकटा आला. तो रत्नागिरी जिल्ह्यातून आला, घाटावरून सातारा-पुण्याकडून आला, पुढे उत्तरेकडूनही आला. बायकापोरे शेतीच्या तुकड्याजवळ गावीच राहिली. हा माणूस गावकीच्या खोलीत राही. एका खोलीत वीस-पंचवीस जणांच्या ट्रंका आणि वळकट्या असत. गिरणीत तीन पाळ्या चालत असल्याने एक जण कामावर गेला की दुसरा त्याच्या जागी झोपे. अशा खोलीत चूल मांडणे शक्य नव्हते, आणि शक्य असते तरी आठ तास मागावर उभे राहून आलेल्या माणसाने नळाची वेळ साधून, कोळसा पेटवून, भाकऱ्या थापाव्यात ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होय. आज मुंबईत ‘कॉट बेसिस’वर राहणाऱ्या विद्यार्थ्याची किंवा कारागिराची स्थिती या बाबतीत फारशी निराळी नाही. जागा मिळते ती झोपण्यापुरती, स्वयंपाकास बहुधा मनाई असते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबातील माणसास दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. दिवसाला हे धान्य सुमारे १६७ ग्रॅम पडते. त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु ज्याच्यापाशी चूलच नाही त्याच्या हातात ते धान्य म्हणजे अर्धेच साहाय्य होय.

या अडचणीवर गिरणगावाने जे उत्तर शोधले ते खाणावळ. लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड या भागांतील चाळींत दहा बाय दहाच्या खोलीत एखादी बाई दहा-पंधरा-वीस पुरुषांना जेवू घाली. ती बहुधा गिरणी कामगाराचीच बायको असे, कधी विधवा, कधी नवऱ्याने टाकलेली. जेवणारे बहुधा तिच्याच गावचे किंवा तालुक्याचे, म्हणून चवही तीच: मालवणीकडे भात, कालवण आणि तिखट आमटी, घाटी खाणावळीत भाकरी आणि कोरड्यास. आठवड्यातून एखादा वार मासळीचा किंवा मटणाचा असे. पैसे महिन्याचे ठरलेले, आणि ते गिरणीचा पगार झाल्यावर द्यावयाचे. गावी गेलेल्या दिवसांचे खाडे वजा होत. पाळीप्रमाणे जेवणाच्या वेळा बदलत आणि पाळी बदलली की बाईचा दिवसही बदले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही एक अत्यंत काटकसरीची संस्था होती. वीस माणसांनी वीस चुली पेटविण्याऐवजी एकच पेटली. जळण वाचले, भांडी वाचली, डाळ-तांदूळ गोणीच्या भावाने आले. बाजार संपतासंपता उतरलेल्या भावाची भाजी व मासळी घेणे एकट्या माणसास जमत नाही, वीस जणांचे शिजविणारीस जमते. शिवाय ओळखीच्या माणसाला वाढावयाचे असल्याने अन्नाच्या प्रतीवर डोळ्यांसमोरची देखरेख राही. हॉटेलमालकाला गिऱ्हाईक बदलले तरी चालते, खाणावळवालीचे नाव गावापर्यंत पोचलेले असते.

तथापि या ओळखीस एक काळी बाजूही होती आणि ती झाकून ठेवणे शास्त्रीय वृत्तीस धरून होणार नाही. खाणावळी जातीजातीच्या होत्या. ज्या गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना, तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीवर, प्रवेश नाकारला जात असे, त्या गिरण्यांच्या आसपासच्या चाळींत एका पंक्तीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. गावकी आणि जात यांनी माणसाला आधार दिला तो ज्याला त्याच्या वर्तुळात दिला. वर्तुळाबाहेरच्याचे काय, हा प्रश्न पुढे सरकारी केंद्रांचा विचार करताना पुन्हा येतो.

आता या काटकसरीची किंमत कोणी दिली ते पाहू. एक साधा हिशेब करता येईल. पंधरा जेवणारे, प्रत्येकी वेळेला तीन भाकऱ्या आणि दिवसातून दोन वेळा, म्हणजे नव्वद भाकऱ्या झाल्या. एका भाकरीस थापण्यापासून शेकण्यापर्यंत दोनच मिनिटे धरली तरी तीन तास तव्यापुढे जातात. त्यात निवडणे, दळून आणणे, पाणी भरणे, मसाला वाटणे, बाजार, भांडी, आणि पहिल्या पाळीसाठी पहाटे पेटविलेली चूल यांचा समावेश नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री सुटे, त्याचे ताट झाकून ठेवून जागणे हेही त्यात धरलेले नाही. या श्रमांचा मोबदला म्हणून हाती काय राही? सर्वसाधारणपणे घरातील माणसांचे जेवण त्यातून निघे, आणि वर थोडे उरले तर उरे. ज्यास खाणावळीच्या जेवणाचा स्वस्तपणा म्हटले जाते त्याचा मोठा भाग म्हणजे न आकारलेली मजुरी होती. घाऊक खरेदीमुळे आणि एका चुलीमुळे झालेली बचत ही खरी बचत, परंतु बाईच्या सोळा तासांना शून्य किंमत धरून झालेली ‘बचत’ ही एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली रक्कम होय. कित्येक अभ्यासांत या दोहोंची सरमिसळ झालेली आढळते.

श्रमाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे उधारी. जेवणारा महिनाभर जेवून मग पैसे देई, बाईला मात्र तांदूळ, तेल, कोळसा रोज लागे. म्हणजे खाणावळवाली ही स्वयंपाकीण तर होतीच, शिवाय ती कामगाराला महिनाभर बिनव्याजी कर्ज देणारी सावकारही होती. आणि हे कर्ज देण्यासाठी ती स्वतः सव्याज कर्ज काढीत होती. वाणी उधारीवर माल देई तेव्हा भाव चढा लावी. रोख लागली तर सावकार होता. १९३१ च्या शाही मजूर आयोगाने कामगारांच्या कर्जावरील सर्रास आढळणारा दर म्हणून दरमहा रुपयास एक आणा हा दर नोंदविला आहे. वर्षाला तो पंचाहत्तर टक्के होतो. अशा स्थितीत अंगावरचा डाग गहाण पडणे हे नवल नव्हते.

संपाच्या काळात ही साखळी उघडी पडे. १९२८ चा संप सहा महिने चालला. पगार नसताना हजारो माणसे शहरात टिकून राहिली, त्यामागे वाण्यांची उधारी आणि खाणावळींची ताटे होती. संपाच्या इतिहासांत पुढाऱ्यांची भाषणे आणि वाटाघाटींच्या तारखा तपशिलाने येतात, पण ताटाचा उल्लेख ओझरता असतो. १९७४ च्या गिरणी संपातही खाणावळवाल्यांनी असेच उधारीवर जेवू घातले. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांच्या लक्षात आले की, संघटना जेवणाऱ्यांची आहे, वाढणारीची नाही. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. मंडळाने पहिली गोष्ट केली ती स्वयंपाकाचे शिक्षण देण्याची नव्हे. ते या स्त्रियांना कोणी देण्याची गरज नव्हती. मंडळाने त्यांचे गट करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण म्हणून एकमेकींची जामिनकी होती. १९७२ पासून दुर्बल घटकांसाठी चार टक्के दराची विभेदक व्याज योजना देशात अस्तित्वात आली होती. पंचाहत्तर आणि चार यांतील अंतर लक्षात घेतले म्हणजे, प्रश्न बाईच्या कौशल्याचा नसून भांडवलाचा होता हे निराळे सांगावे लागत नाही. तेच जेवण, तेच हात, तेच जेवणारे. बदलले ते एवढेच की महिनाभर थांबण्याची किंमत उतरली. पुढे मंडळाने बाहेरच्या जेवणाच्या मागण्याही घेतल्या आणि स्त्रियांच्या निवाऱ्याची, प्रशिक्षणाची कामेही केली.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. जेवणारे हळूहळू गावी परतले. वह्यांतील बाकी वसूल होण्याचा मार्ग राहिला नाही आणि गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहू लागले तशी खाणावळींची जागाही गेली. गिरणी कामगारांच्या भरपाईचा, घरांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत पुढे अनेक वर्षे राहिला. खाणावळवालीच्या बुडालेल्या उधारीचा दावा मात्र कोणत्याही न्यायासनापुढे जाण्याजोगा नव्हता, कारण ती कोणत्याही गिरणीच्या पटावर नव्हती.

मुंबईने इतरही उत्तरे शोधली, त्यांचा येथे केवळ निर्देश पुरे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था ज्याच्या घरी शिजविणारे माणूस आहे त्याच्या उपयोगाची. माटुंग्याच्या उडुपी बोर्डिंगांनी, त्यांतील रामा नायक यांचे १९४२ सालचे, ठरावीक दरात पोटभर पानाची सोय केली. तेथे शिजविणारे आणि वाढणारे पगारी पुरुष होते. वडापाव हा १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर रूढ झाला असे सांगितले जाते. भूक मारण्याचे ते स्वस्त साधन आहे यात शंका नाही, परंतु मैदा, बटाटा आणि तळणीचे तेल यांनी प्रथिनांची व जीवनसत्त्वांची भर पडत नाही. खाणावळीच्या ताटाची जागा वडापावने घेतली, हे गिरणगावाच्या आहारातील स्थित्यंतराचे वर्णन पूर्ण अचूक नसले तरी दिशेपुरते खरे आहे.

सरकारने या क्षेत्रात दोनदा ठळकपणे पाऊल टाकले. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली. आहारदृष्ट्या पदार्थांची निवड उत्तम होती. पण एका रुपयात भाकरी थापणारीची मजुरी बसत नाही. अनुदान बंद झाले तेव्हा पुष्कळ केंद्रांवर झुणका-भाकरीऐवजी दुसरेच पदार्थ विकले जाऊ लागले. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन योजना सुरू झाली. तिचे ताट असे ठरविण्यात आले: तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. जेवणाऱ्याने दहा रुपये द्यावयाचे, शहरात ताटाची किंमत पन्नास धरून उरलेले चाळीस सरकारने. टाळेबंदीत हा दर पाच रुपयांवर आणला गेला आणि २०२१ साली काही काळ ताट विनामूल्यही मिळाले. खाणावळीशी तुलना करता या योजनेचे दोन गुण स्पष्ट दिसतात. जात, गाव, ओळख यांची अट नाही. आणि शिजविण्याची किंमत हिशेबात धरली आहे. ताट मात्र अंगमेहनतीच्या माणसास एका वेळेपुरतेही बेताचेच आहे, आणि आरंभी ठरविलेली दुपारी बारा ते दोन ही वेळ कचेरीच्या घड्याळास जुळते, पाळीच्या घड्याळास जुळत नाही.

तिसरी गोष्ट अशी की थांबण्याचा जुना प्रश्न येथेही सुटला नाही. केंद्र चालविणाऱ्यांत महिला बचत गट आहेत, लहान खाणावळी आहेत. अनुदानाची रक्कम कित्येक महिने थकल्याच्या त्यांच्या तक्रारी २०२५ साली वृत्तपत्रांतून आल्या. ताटामागे दहा रुपये रोख येतात, चाळीस केव्हा येतील याचा नेम नाही, आणि तोवर तांदूळ, डाळ, गॅस यांचे पैसे कोणी तरी घालावयाचे असतात. पूर्वी ती गिरणीच्या पगाराची वाट पाही, आता कोषागाराच्या देयकाची पाहते.

कौटुंबिक उपभोगखर्चाच्या २०२२-२३ च्या राष्ट्रीय पाहणीत शहरी खर्चापैकी सुमारे ३९ टक्के खर्च अन्नावर आढळला. त्यात तृणधान्यांचा वाटा एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांहूनही कमी आहे, तर पेये, तयार व प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा दहा टक्क्यांहून अधिक असून अन्नाच्या सर्व शीर्षकांत तो सर्वांत मोठा आहे. शहरातील माणूस आज धान्यापेक्षा शिजविणेच अधिक विकत घेतो, असा याचा अर्थ लावता येतो. परंतु पोळी-भाजी केंद्रातून घेतलेला डबा, मेसचे मासिक पैसे आणि पुड्यातील चिवडा हे सारे या शीर्षकाखाली जवळजवळ येऊन पडतात, आणि त्यांचे पोषणमूल्य व त्यांमागील मजुरी यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. शहरी आहाराची पाहणी हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्नावलीत निदान एवढे रकाने वाढविणे इष्ट ठरेल: जेवण कोणी शिजविले, किती तासांत, त्याचे पैसे किती दिवसांनी मिळाले, मधल्या काळात उधारी कोणाकडून व कोणत्या दराने घेतली, आणि खाडे कसे धरले. यांतील शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण ज्या महिन्यात दहा माणसे सणासाठी गावी जातात त्या महिन्यात भाडे, गॅस आणि वाण्याची बाकी तेवढीच राहते. ती तूट कोण सोसते हे खाड्याच्या हिशेबावरूनच कळते.